एका डोळ्याचा यहूदा

कोंबडा आरवायच्या आधी झाफिरिस चूल पेटवून सरस वितळायला ठेवी. सरस उकळला की वाया गेला. म्हणून जाळ मंद आणि माणूस जागेवर. त्यात खडूची पूड कालवून फळीवर थर द्यायचा, वाळवायचा, घासायचा, पुन्हा थर. बोटाला काही लागेनासं झालं की फळी लेओंदिओस मास्तरांकडे. तिच्यावर ते संत रंगवत. कास्तोरिया गावात अशी फळी दुसऱ्या कुणाच्या हातून होत नव्हती.

बायको गेल्यापासून मजुरी साठत होती ती एकुलत्या लेकीच्या, असिमिनाच्या, लग्नाच्या पेटीसाठी. लग्न ठरलंही होतं.

मग देवळात येशूच्या शेवटच्या भोजनाचं चित्र लागलं. शिष्यांचे दोन्ही डोळे दिसत होते. दगाबाज यहूदा तेवढा बाजूनं, एका डोळ्याचा; त्याची नजर भाविकाच्या नजरेला भिडू नये म्हणून. नाक, हनुवटी, वाकलेली मान, सगळा हुबेहूब झाफिरिस. बायका शिष्यांचे पाय चुंबायच्या आणि यहूदाचा डोळा नखानं खरवडायच्या.

नवऱ्या मुलाची आई दारातूनच म्हणाली, "यहूदाची लेक घरात आणू? आधी तो चेहरा उतरव, मग वऱ्हाडाचं बोल."

झाफिरिस कामावर गेला. "मास्तर, मी तुमचं काय वाकडं केलं?"

"काही नाही रे. बाकीचे माझ्याकडे तोंड करून बोलतात. तू कायम फळीवर वाकलेला. बाजूनं पाठ झालेला माणूस तू एकटाच."

"बदला तो चेहरा."

"वर्ख पुन्हा लावावा लागेल. सोनं काय तुझा बाप देणार?"

"मी देईन."

"आणि नाक कुणाचं लावू? यहूदा बिननाकाचा नसतो."

झाफिरिसनं खिडकीबाहेर पाहिलं. खेचरवाला व्रेतोस ओझी आवळत होता. देवळाच्या पायरीवर टाकून दिलेलं पोर ते. भांडायला येणारं मागे कुणी नव्हतं.

"त्याचं."

मास्तर हसले. "बेस! नाकही घसघशीत आहे."

चित्रातला स्वतःचा चेहरा झाफिरिसनंच पात्यानं खरवडला. खड्ड्यात थर भरले, बोटाला सांधा लागेना तोवर घासले. कामात कसूर केली नाही.

चित्र पुन्हा लागलं तसं बायकांनी व्रेतोसला विहिरीवरून हाकललं. पोरं त्याच्या डोळ्यावर नेम धरून खडे मारू लागली. का, ते त्याला कुणी सांगितलं नाही.

असिमिनाचं लग्न झालं. सासूनं पेटी हलवून पाहिली आणि त्या दिवसापासून तिला "ए रिकामे" अशीच हाक मारली. बापाच्या साऱ्या मजुरीत व्रेतोसचं नाक तेवढं आलं होतं.