मर्टलने सजवलेली मागची खोली

फ्रँकलिन गावातल्या सफरचंदांच्या पॅकिंग शेडमध्ये मर्टल टॅटनेल आणि मी एकाच टेबलाशी अकरा हंगाम काढले. ती माझ्याहून अठ्ठावीस वर्षांनी मोठी. कागदात सफरचंद गुंडाळताना तिचे हात असे चालायचे की बघत राहावं. तोंडातून मात्र दिवसभरात दहा शब्द निघाले तर खूप. मुकादम कुणावर उगाच ओरडला की आम्ही सगळ्या तोंडाला तोंड द्यायचो. मर्टल खाली मान घालून पुढचं सफरचंद उचलायची.

एकाहत्तरच्या फेब्रुवारीत, ऐन उन्हाळ्यात, तिची एकुलती एक मुलगी लिन होबार्टहून घरी आली. अठरा वर्षांची पोर, ऑफिसात टायपिंग करायची. दिवस गेले होते, आणि ज्याच्यामुळे गेले तो बोटीत बसून मेलबर्नला पसार झाला होता. मर्टलचा नवरा क्लॅरी नदीकाठच्या कारखान्यात होड्या बांधायचा आणि रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचा. तो रागावला नाही, ओरडला नाही. फक्त म्हणाला, "होबार्टला अशा मुलींसाठी घर आहे, तिथे राहू दे. मूल झालं की दत्तक द्यायच्या कागदावर सही करायची आणि परत यायचं. चांगल्या घरात जाईल ते."

त्याच आठवड्यात मर्टलने मागची खोली रिकामी करायला घेतली.

मला ते कळलं, कारण कपाट सरकवायला तिला दुसरं माणूस हवं होतं. कपाटामागे तिच्या आजोबांनी केलेला पाळणा होता, ह्युऑन पाइनचा, होडीसारखा बुडाशी निमुळता. सत्तर वर्षं होऊन गेली तरी लाकडाचा गोडसर वास तसाच. मर्टलची आई, मग मर्टल, मग लिन, सगळ्या त्यातच निजलेल्या. एक पाय तेवढा डुगडुगत होता.

"क्लॅरीला सांगितलंस?" मी विचारलं.

"बाळ बघितलं की विरघळेल गं तो," ती म्हणाली. "आधीपासून कशाला डोकं लावायचं?"

नंतरचे सहा महिने ती राबली. लग्नातला साटिनचा परकर उसवून खिडकीला पडदे केले. सासूने दिलेली गोधडी काढली. शिंप्याकडच्या सुटाच्या कापडांचे नमुने जोडलेली, आत पिठाची पोती घातलेली, मंदीच्या वर्षांतली. तिची कड नव्याने शिवली. बाप्तिस्म्याच्या झग्याची लेस तांदळाच्या पेजेत बुडवून ताठ केली. समुद्रावर जाऊन शिंपले गोळा केले आणि पाळण्यावर लोंबते बांधले, वारा आला की किणकिणायचे. आणि एक शाल विणली, इतकी तलम की अंगठीतून आरपार जायची. होबार्टच्या त्या घरात राहायला गेलेल्या लिनला तिने पत्रात लिहिलं, 'खोली तयार होतेय.' एवढंच. ते वाक्य वाचून पोर तिथे सहा महिने कशी जगली असेल, ते तिचं तिलाच ठाऊक.

ऑगस्टमध्ये मुलगा झाला. सहाव्या दिवशी क्लॅरी आणि मर्टल होबार्टला गेले. मर्टलच्या पिशवीत ती शाल होती.

तिथे काय झालं ते मला तिनेच सांगितलं, तीन वर्षांनी. मेट्रनच्या टेबलावर कागद होता. लिन खुर्चीत बसलेली, चेहरा सुजलेला. मेट्रन बाई वाईट नव्हती. ती म्हणाली, "घरच्यांचा आधार असेल तर आत्ताच सांगा. नंतर फार अवघड जातं."

लिन आईकडे वळली. "आई, खोली तयार आहे ना? तूच लिहिलं होतंस."

क्लॅरीनेही मर्टलकडे पाहिलं. टेबलाच्या दोन्ही बाजूंनी सगळे तिच्याकडेच बघत होते. मर्टल पिशवीची कडी लावत बसली. लावलेली कडी पुन्हा लावली. मग म्हणाली, "तुझे बाबा म्हणतात ते बघ, लिन."

लिनने सही केली. शाल पिशवीतून बाहेर निघालीच नाही.

महिनाभरात सही मागे घेता येते, असं त्या कागदावर बारीक अक्षरात छापलेलं होतं. ते मर्टलला पुढच्या वर्षी कुणीतरी सांगितलं. तो महिना तिने मागच्या खोलीचं दार लावून घेऊन काढला होता. लिन फ्रँकलिनला आलीच नाही. होबार्टहून तडक मेलबर्नला गेली, नोकरी धरली. वर्षाकाठी नाताळचं एक कार्ड यायचं, 'आईबाबांस, लिन.'

चौऱ्याहत्तरमध्ये मला दिवस गेले होते. मर्टल एक दिवस पाळणा ट्रकमध्ये घालून दारात हजर.

"अगं, हा तुमच्या घरातला," मी म्हटलं.

"लाकूड वापरात राहिलं पाहिजे, हेदर. नाहीतर वाळवी लागते."

मग माझ्या स्वयंपाकघरात बसून तिने सगळं सांगितलं. एका दमात इतकं बोलताना मी तिला कधीच ऐकलं नव्हतं. शेवटी म्हणाली, "एक 'हो' म्हणायचं होतं गं. सहा महिने सुई चालवली, पण तोंडातून एक अक्षर फुटलं नाही." माझी मुलगी झाल्यावर ती वरचेवर यायची, पण पाळण्याला झोका द्यायला हात कधी पुढे केला नाही.

शहाऐंशीत क्लॅरी आजारी पडला. अंथरुणाला खिळल्यावर एका दुपारी तो तिला म्हणाला, "त्या दिवशी मेट्रनसमोर मी तुझ्या बोलण्याची वाट बघत होतो."

मर्टलला वाटलं, तापात बडबडतोय.

"तू 'हो' म्हणाली असतीस तर मी अडवणार नव्हतो. खोली बघितली होती मी. पाळण्याचा डुगडुगणारा पाय कोणी बसवला? आपोआप बसला?"

"मग तूच का नाही बोललास?"

"आधी नाही म्हणून बसलो होतो ना," क्लॅरी म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

त्याच्या अंत्यविधीला लिन आली. तेहतीस वर्षांची, केस कापलेली, बोलणं तुटक. सगळे गेल्यावर मी कप धूत होते आणि मायलेकी टेबलाशी बसल्या होत्या. मर्टलने तिला बाबांचं ते बोलणं सांगितलं. मला वाटतं, त्याने लिनचं मन जरा हलकं होईल, अशी तिची आशा होती.

लिनने समोरचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही दोघंही तयार होता. आणि सही मी केली."

"लिन, मी..."

"पडदे छान झाले असतील, आई. तू हाताची कलाकार. मला पडदे नको होते गं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती गेली. पण तेव्हापासून दर रविवारी फोन करायला लागली. हवा कशी आहे, गुडघा कसा आहे. त्यापलीकडे दोघी कधी गेल्या नाहीत.

पुढे कायदा बदलला, दत्तकाच्या जुन्या नोंदी उघडल्या, आणि लिनने मुलाला शोधून काढलं. लॉन्सेस्टनला सुतारकाम शिकवत होता. नाव वेगळं, आईबाप चांगले मिळालेले. लिनला तो दोनदा भेटला. आजीला भेटायचंय का, असं तिने विचारलं. तो म्हणाला, "सध्या नको." ते 'सध्या' सरलं नाही. लिनने त्याचा एक फोटो मात्र पाठवला.

मर्टल तो फोटो पर्समध्ये घालून दुकानात घेऊन आली. दुकानदारीण बाईने विचारलं, "हा कोण गं देखणा?"

"लिनचा मुलगा," मर्टल म्हणाली. "लग्न न होता झालेला. आम्ही त्याला घरी आणला नाही." आणि पावाची लादी मागितली.

मागे रांगेत चर्चमधल्या तिघीजणी उभ्या होत्या. त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ती बोलली होती. मर्टल त्र्याहत्तर वर्षांची होती तेव्हा.