बाबूजींच्या प्रोग्रॅमची शेवटची ओळ

आज एका जुन्या बोर्डाला सोल्डरिंग करताना राळेचा धूर नाकात गेला आणि मी नवीन जालन्यातल्या त्या दुपारी जाऊन पोचलो. बियाण्यांच्या दुकानामागची कोंदट खोली, आणि टेबलावर माझा मित्र गोपाल याच्या वारलेल्या वडिलांचा, म्हणजे बाबूजींचा कॉम्प्युटर. महिनाभर खटपट करून आम्ही तो चालू केला होता. कॅसेट लावली की तिच्यावरून प्रोग्रॅम चढायचा. तो बाबूजींनीच लिहिलेला. त्याची शेवटची ओळ पुन्हा पहिल्या ओळीकडे धाडायची, त्यामुळे तो कधी संपायचाच नाही.

"शेवटी एंड पाहिजेच," मी म्हणालो.

"बाबूजी दुकानबी बंद कर म्हणत नव्हते, मंगल कर म्हणायचे," गोपाल म्हणाला. "मंग ते एंड कशाला लिहितील?"

मी हट्टानं एंड टाइप केलं. पडद्यावरची अक्षरं थांबली. टेप थांबवायची मात्र राहून गेल्ती. तिच्या खरखरीतून एक घोगरा आवाज आला, "गोपाल, चालू रहने दे."

कॅसेटवर कधीचं तरी जुनं बोलणं राहिलं असेल, हे आज मला बिलकुल पटतं. पण गोपालनं मान वर न करता, रोजच्यासारखं "जी, बाबूजी" म्हटलं आणि माझी ओळ पुसून टाकली.