मुकुंदरावांची लिंक

श्रीरंगसाहेबांनी विचारलं तेव्हा मीनाक्षीच्या हातात चहाचा ट्रे होता. तिच्या नवऱ्याच्या, मुकुंदच्या, कारखान्यातले हे नवे साहेब, वयानं मुकुंदपेक्षा बरेच लहान, सत्यनारायणाच्या प्रसादाला उस्मानपुऱ्यातल्या फ्लॅटवर आले होते. शिरा संपवून ते म्हणाले, "मुकुंदराव, ती तुमची लिंक बनवली कुणी? आयटीची पोरं म्हणतात, आम्ही नाही."

मुकुंदनं तोंड उघडलं. तो काय म्हणणार होता ते मीनाक्षीला कधीच कळलं नाही. त्याच्या आधी तीच बोलून गेली, "ह्यांनीच हो. रविवार रविवार त्यातच डोकं."

मुकुंदनं तिच्याकडं पाहिलं आणि कप उचलला.

लिंक मीनाक्षीनं बनवली होती. बी.कॉम. होऊन ती घरात राहिली. मुलगी नोकरीला पुण्याला गेली तेव्हा तिचा जुना लॅपटॉप आईकडं आला. इंटरनेटवरचं पहिलं पान मीनाक्षीनं बिल्डिंगसाठी जोडलं. नळाला पाणी कधी येणार ते एका ग्रुपवर कळायचं, टँकरवाल्याचे मेसेज दुसरीकडं, मोटार चालू करायची पाळी कुणाची ते जिन्यातल्या फळ्यावर. तिला एक साइट सापडली. तिथं प्रोग्राम लिहावा लागत नव्हता, दुसरीकडचे तुकडे आणून जोडायचे, ब्लाउजला बाही जोडावी तसे. तिन्ही गोष्टी एका पानावर आल्या. बायका म्हणाल्या, बरं झालं बाई. बनवलं कुणी हे कुणी विचारलं नाही, आणि तिलाही त्याचं काही वाटलं नाही.

मुकुंद बिडकीनकडच्या एका कारखान्यात माल पाठवायच्या विभागात होता. ट्रक कुठं पोचला ते वाहतूकवाल्यांच्या साइटवर दिसे, ऑर्डर ग्राहकाच्या साइटवर, तयार माल गोदामाच्या शीटमध्ये. तीन खिडक्या उघडून तो कागदावर जुळवणी करत बसे आणि घरी येऊन डोकं चेपून घेई. मीनाक्षीनं तेही जोडून दिलं. कोणती ऑर्डर आधी हलवायची, कोणत्या ग्राहकाला जरा उशीर चालतो, हे त्यानं सांगितलं, तिनं बसवलं. खरं तर ते दोघांचं होतं. पण तसं म्हणायची दोघांनाही सवय नव्हती.

लोडिंगवरचे सर्जेराव सकाळी हाक मारायचे, "मुकुंदराव, लिंक टाका की! गाड्या लई खोळंबल्यात." तेच नाव पडलं.

श्रीरंगसाहेबांना लिंक फार आवडली. ज्याचं काम आहे त्यानंच आपलं पान जोडावं, आयटीच्या दारात किती दिवस उभं राहायचं, असं त्यांनी जाहीर केलं आणि या नव्या कामावर मुकुंदला प्रमुख नेमलं. कंपनीच्या वर्धापनदिनी शाल, श्रीफळ झालं. मीनाक्षी दुसऱ्या रांगेत बायकांत बसली होती. शेजारची म्हणाली, "नशीबवान आहात. आमच्या ह्यांना मोबाइलवर फोटो पाठवता येत नाही." मीनाक्षी म्हणाली, "हो ना."

मग खरेदी विभागाला पान हवं झालं, तपासणीवाल्यांना हवं झालं. मुकुंद मागण्या घरी आणायचा आणि मीनाक्षी दुपारी घरूनच त्याच्या नावानं आत शिरून ती पानं जोडायची. कंपनीचा पासवर्ड त्यानं तिला गॅसचं पुस्तक द्यावं तितक्या सहज देऊन ठेवला होता. त्याचं जुनं टेबल आता दुसऱ्या कुणाला मिळालं होतं. त्याला काचेची केबिन होती.

"दिवसभर काय करता हो तिथं?" तिनं एकदा विचारलं.

"वाट बघतो."

"कशाची?"

"तुझी दुपारची भांडी आवरायची."

ती हसली. तो हसला नाही.

पुढच्या दिवाळीनंतर मुख्य ऑफिसातून आदेश आला. कामगारांनी आपापल्या खात्यावर जोडलेली सगळी पानं आता कंपनीच्या ताब्यात घ्यायची; ज्यानं जोडलं त्यानं समोर बसून एकेक शिवण उसवून दाखवायची. मीनाक्षी मुकुंदला शिकवायला बसली. तो चांगला विद्यार्थी नव्हता आणि ती चांगली मास्तरीण नव्हती.

"अहो, इथं नाही, त्याच्या आधीचं. किती वेळा सांगू?"

"बाई, तू जरा हळू सांग."

"मग सांगून टाका ना खरं काय ते."

"काय सांगू? शाल चुकून माझ्या अंगावर पडली म्हणून?" त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि बोललं कोण तेव्हा? मी की तू?"

ती पोळ्या लाटायला उठली.

दाखवायच्या दिवशी तो दुपारीच परत आला. बूट न काढता सोफ्यावर बसला. तिनं पाणी दिलं. पहिली दोन पानं त्यानं नीट उघडून दाखवली, तिसऱ्यावर मुख्य ऑफिसातल्या मुलानं विचारलं, सर, ही ऑर्डर इथून तिथं कशी येते? मुकुंदनं पडद्याकडं पाहिलं आणि म्हणाला, माझ्या मिसेसनं केलंय. सगळंच तिनं केलंय.

"असं म्हणालात?"

"असंच."

मीनाक्षीला क्षणभर आत कुठंतरी बरं वाटलं. त्याची तिला नंतर फार लाज वाटली.

"मग?"

"साहेब हसले सुद्धा. म्हणाले, लपवलंत काय एवढं! मग त्या मुलानं विचारलं, मिसेस कंपनीत कुठल्या विभागात आहेत?"

मीनाक्षी खाली बसली. खोटं श्रेय घेतलं, ते साहेबांनी हसण्यावारी नेलं असतं. पण ग्राहकाची साइट, कंपनीचं गोदाम, हे सगळं एक बाहेरची बाई नवऱ्याच्या नावानं महिनोन्‌महिने उघडत होती. ते हसण्यावारी जाणारं नव्हतं. त्यानं नाव लपवलं असतं तर केवळ मठ्ठ ठरला असता. खरं बोलल्यामुळं तो गुन्हेगार ठरला. राजीनामा त्यानं आपणहून द्यावा, एवढी सवलत त्याच्या इतक्या वर्षांच्या नोकरीकडं पाहून मिळाली.

पानं मात्र बंद करता येत नव्हती. सगळं लोडिंग त्यांच्यावर चालायचं. समजावून द्यायला मीनाक्षीला बोलावणं आलं, आणि ती गळ्यात पाहुण्याचा पास अडकवून मुकुंदच्या केबिनमध्ये बसली. सर्जेराव दारातून डोकावले. "वहिनी, तुम्ही व्हय त्या! आमी उगं मुकुंदरावांला पिडत व्हतो." मग आपण काय बोललो हे त्यांच्याच ध्यानात आलं आणि ते टोपी नीट करत निघून गेले.

शेवटच्या दिवशी श्रीरंगसाहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही रीतसर कामावरच या ना. म्हणजे सगळं नियमात बसेल. सोमवारपासून?"

"घरी विचारून सांगते," ती म्हणाली.

घरी तिनं विचारलं नाही. नाही म्हणून कळवायचं, एवढंच ठरवलं, आणि शेंगा सोलत बसली. संध्याकाळी मुकुंद फोन हातात धरून स्वयंपाकघरात आला.

"सर्जेरावांचा होता. वहिनी सोमवारी कंपनीच्या बसनं येणार का विचारत होते."

"मी नाही म्हणून कळवणार आहे."

"का?"

"असंच. तुम्हाला काय वाटेल..."

"मला काय वाटेल." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर तिला सोपं गेलं असतं. "मला काय वाटेल ते तूच ठरवतेस. तेव्हाही तूच ठरवलंस. मला विचार की एकदा."

तिनं शेंगा बाजूला ठेवल्या. मग तिनं विचारलं, "जाऊ का?"

त्यानं फोन ओट्यावर ठेवला. नाही म्हणता येईल का, हे तो अजमावत असावा. आता घरात पगार कुणाचाच नव्हता.

"जा," तो म्हणाला.

सोमवारी ती साडीला पिन लावून दाराशी आली. मुकुंद पेपर घेऊन बसला होता.

"किल्ली घेतलीस?" त्यानं वर न बघता विचारलं.

तो दिवसभर घरीच असणार होता. तिनं खुंटीवरची किल्ली काढून पर्समध्ये टाकली आणि दार ओढून घेतलं.