अंबुजाक्कांची जागा

वेलचेरी स्टेशनात गाडी शिरली की अंबुजाक्का बायकांच्या डब्याच्या दारासमोर छत्री आडवी धरून उभ्या राहायच्या. चढणाऱ्या बायका त्या छत्रीच्या अलीकडे. डबा पूर्ण रिकामा होईपर्यंत छत्री हलायची नाही. मग अक्का स्वतः आत जायच्या, कुणी बसून राहिलं असेल तर त्याला उठवायच्या, आणि त्यानंतरच बाकीच्यांना चढू द्यायच्या. रेल्वेने त्यांना हे काम दिलेलं नव्हतं. नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती.

अशीच त्यांनी मला उठवलं. मी फलटणहून मुलाकडे नवीनच आले होते. मैलापूरच्या देवळातून एकटी परत येताना ही गाडी इथे संपते हे मला ठाऊक नव्हतं. सगळे उतरले तरी मी बसून होते. एक गोरी, बुटकी, जाड भिंगांची बाई आली आणि तमिळमध्ये बोलत छत्रीने बाक ठोकायला लागली. मी पुटपुटले, "काय बाई आहे ही, अंगावरच येते."

"अंगावर नाही येत," ती म्हणाली. "हें शेवटचं स्टेशन. बेगीन उतरा. पुढें रूळ नाहींत."

मी उतरले. मद्रासेत मला मराठीत दटावणारं कुणी भेटेल असं वाटलं नव्हतं. बेगीन म्हणजे लवकर, हे मला आजीमुळे माहीत होतं, पण जिवंत माणसाच्या तोंडून ऐकून फार वर्षं झाली होती. अक्का तंजावरकडच्या मराठी. त्यांचे पूर्वज केव्हा तिकडे गेले ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. बोलणं आपलंच, पण हेल सगळा तमिळ, आणि मधेच "सेरी, सेरी" म्हणजे बरं बरं. माझं मराठी ऐकून त्या म्हणायच्या, "तुमचं फार नवें आहे. पटापट बोलतां, जसं कोणी मागें लागलं आहे."

त्या आमच्याच गल्लीत राहत होत्या. नवरा नाही, मुलगा परदेशी. रोज सकाळी मी भाजीला निघाले की त्या स्टेशनाकडे निघालेल्या असायच्या. शेअर ऑटोवाले "विजयनगर, विजयनगर" ओरडत असायचे, त्यांना छत्रीने बाजूला करत जायच्या.

ही लाइन एका दमात झालेली नाही. आधी बीच स्टेशनापासून चेपॉकपर्यंत गाडी आली. मग मैलापूरपर्यंत. त्या स्टेशनाच्या पाटीवर तिरुमयिलै लिहिलेलं आहे. अक्का तिथे तिकीट खिडकीवर होत्या. तेव्हा ते शेवटचं स्टेशन होतं. एवढी मोठी सिमेंटची इमारत, की आत दहा माणसं असली तरी रिकामी वाटायची. मग कालव्याच्या काठाकाठाने लाइन इथे वेलचेरीपर्यंत आली, आणि अक्कांची बदलीही इथेच झाली. त्या छाती काढून सांगायच्या, "मी जेथें जात्ये तेथें लाइन संपते."

शेवटच्या स्टेशनाचा एक फायदा असतो. गाडी रिकामी होते आणि तीच उलटी निघते, म्हणून बसायला मिळतं. हे पेरुंगुडीच्या बायकांनाही कळलेलं होतं. पेरुंगुडी एक स्टेशन अलीकडे. तिथे बीचकडे जाणारी गाडी भरलेली येते. म्हणून त्या आधी वेलचेरीकडे येणाऱ्या गाडीत बसायच्या, इथे उतरायच्याच नाहीत, आणि त्याच जागेवरून परत जायच्या. अक्कांचं सगळं भांडण या बायकांशी होतं.

त्यांची पुढारी सेल्वी. मंदवेळी स्टेशनाजवळच्या दोन ऑफिसांत झाडू-पोछा करायची. काळी, उंच, केसात भरगच्च गजरा, जीभ अक्कांच्या तोडीची. त्यांचं तमिळ भांडण अक्का मला नंतर मराठीत करून सांगायच्या, पण सहा महिन्यांत मला आपोआप कळायला लागलं.

"तिकीट पेरुंगुडीहून पुढचं," अक्का म्हणायच्या. "मग मागें कशास आलीस?"

"बसायला आले. दिवसभर उभीच असते, पाट्टी." पाट्टी म्हणजे आजी.

"मग वेलचेरीचं तिकीट काढ, उतर, आणि रांगेतून चढ."

"ही गाडी काय तुमच्या अप्पांची आहे?"

"अप्पांची असती तर तुला पायरीवरसुद्धा चढूं दिलं नसतं."

सेल्वी हसायची आणि उठायची. दुसऱ्या दिवशी परत तिथेच बसलेली असायची.

मला हे सगळं पोरकट वाटायचं. एकदा मी तोंडावर म्हटलं, "अक्का, तुम्हाला बसायला मिळालं ना, मग पुरे. जगाची उठाठेव कशाला?" तेव्हा त्यांनी मला सोबत मैलापूरला नेलं.

तिथे त्यांची थोरली बहीण, सरसाक्का, दोन खोल्यांच्या घरात मुलासुनेकडे अंथरुणावर होत्या. अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचं तमिळ गेलं. जन्मभर बोललेली भाषा पुसून गेली आणि फक्त घरची मराठी राहिली. घरात मराठी कुणालाच धड येत नव्हती. मुलाला चार शब्द यायचे, पण तो दिवसभर सिरुसेरीला ऑफिसात. सून विद्या तमिळ. चांगली मुलगी, पण सासूला पाणी पाहिजे की कूस बदलायची आहे हे तिला समजायचं नाही. ती नुसती इकडून तिकडे धावायची. म्हणून अक्का रोज जायच्या. बहिणीला भरवायच्या, ती काय म्हणते ते विद्याला सांगायच्या, आणि उरलेला वेळ दोघी भांडायच्या. लहानपणी कुणी कुणाची बाहुली मोडली इथपासून सुरुवात.

अक्कांचे दोन्ही गुडघे गेलेले होते. उभ्याने त्यांना दोन स्टेशनंसुद्धा जमायची नाहीत. ऑटोने गेल्या तर धक्क्यांनी पाठ धरायची आणि दोन दिवस पडून राहायच्या. म्हणजे वेलचेरीला बसायला मिळालं तरच सरसाक्कांना दुपारचा भात मिळणार. ते बघून आल्यावर मी उठाठेव हा शब्द परत काढला नाही.

आमच्या फलाटाच्या टोकापुढे कितीतरी वर्षं नुसते खांब उभे होते. लाइन पुढे सेंट थॉमस माउंटला न्यायची होती आणि ती अडली होती. माझा मुलगा म्हणायचा, पुढच्या पोंगलला होईल. तो पोंगल जायचा, पुढचा यायचा. अक्का म्हणायच्या, "उभे राहूं देत खांब. कोणास काय खातात?"

आणि एक दिवस खरंच काम सुरू झालं. खांबांवर तुळया चढल्या, रूळ आले, तारा आल्या. गल्लीत दुसरा विषय नव्हता. माउंटला उतरलं की मेट्रो, मेट्रोने विमानतळ, दुसऱ्या फलाटावर तांबरमची गाडी. चाचणीची गाडी सोडली त्या दिवशी आमच्या इमारतीची सगळी गच्ची भरली होती, फोन वर धरून. मीही तीन जिने चढून गेले. नाही कशाला म्हणू, मला फार मजा वाटली. रिकाम्या आकाशात इतकी वर्षं तुटलेली वाट, आणि तिच्यावरून गाडी भोंगा देत चालली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

शेजारी अक्का उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "शांताबाई, आतां ही गाडी माउंटहून भरून येईल."

मी टाळ्या थांबवल्या.

तसंच झालं. नवी गाडी सुरू झाल्यावर पहिल्याच कामाच्या दिवशी मी अक्कांबरोबर गेले. गाडी आली ती खच्चून भरलेली. तांबरमकडून येणारे सगळे माउंटला बदलून हिच्यात बसलेले. गळ्यात ऑफिसची ओळखपत्रं, कानात वायरी. अक्कांनी सवयीने छत्री आडवी धरली, पण उतरलंच कुणी नाही. आम्ही कशाबशा आत घुसलो. मी एका पोरीला उठ म्हटलं, मराठीत. तिने दुसरीकडे बघितलं. तमिळमध्ये विचारायचं सोडून अक्का दांडीला लोंबकळत होत्या. तोंडाने मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पेरुंगुडीपर्यंत त्यांचा चेहरा पांढरा पडला. पुढच्याच स्टेशनाला, तरमणीला, मी त्यांना दंडाला धरून उतरवलं आणि परत आणलं.

संध्याकाळी विद्याचा फोन आला. सरसाक्का दिवसभर काहीतरी ओरडत होत्या. विद्याला वाटलं उकडतंय, म्हणून तिने पंखा वाढवला. त्या आणखी ओरडल्या, तिने आणखी वाढवला. त्या पंखा बंद कर म्हणत होत्या. जेवल्याही नव्हत्या. अक्कांनी फोन ठेवला आणि मला घरी जायला सांगितलं.

सकाळी त्या माझ्या दारात. "चला. माउंटास जायचं."

"मैलापूर उलट्या बाजूला आहे, अक्का."

"मज ठाऊक आहे. तिकीट मी विकलेलं आहे."

खिडकीवर त्यांनी दोघींची माउंटची तिकिटं काढली आणि आम्ही बीचकडून आलेल्या गाडीत चढलो. वेलचेरीला बरेच लोक उतरले, पुढे डबा अर्धा रिकामा. पुळुदिवाक्कम, आदंबाक्कम, आणि माउंट. तिथे बहुतेक सगळे उतरले. अक्का बाकावर बसूनच राहिल्या. खिडकीबाहेर बघत होत्या, ओठ घट्ट मिटलेले.

समोरच्या बाकावरून कुणीतरी हसलं. सेल्वी. तीही पेरुंगुडीहून इथपर्यंत उलटी आली होती.

"पाट्टी, शेवटचं स्टेशन आलं," ती म्हणाली. "उतरायचं नाही?"

डब्यातल्या आणखी दोघीतिघी हसल्या. मला वाटलं आता छत्री उठणार. अक्कांनी पदराच्या टोकातून तिकीट काढलं आणि तिच्या नाकासमोर धरलं. "माझं माउंटचं आहे. परतीचं शांताबाई खालून घेऊन येतील. तुझं कोठलं?"

सेल्वीने हातातलं तिकीट मुठीत मिटलं.

"खाली जा. तिकीट घेऊन ये. शांताबाईंबरोबर."

"जागा जाईल, पाट्टी."

अक्कांनी छत्री उचलली आणि सेल्वीच्या बाकावर आडवी ठेवली. "बेगीन जा," त्या मराठीतच म्हणाल्या. सेल्वीला बरोबर कळलं. आम्ही दोघी जिना धावत उतरलो. इतक्या वर्षांनी मी धावत होते आणि ती पुढून माझा हात ओढत होती. वर आलो तोवर डबा भरला होता. छत्रीभोवती चार बायका भांडत होत्या, आणि अक्का चौघींना पुरून उरल्या होत्या.

वेलचेरी आलं. आमच्याच गल्लीतल्या बायका फलाटावरून डब्यात डोकावल्या. एक म्हातारी आत येऊन अक्कांसमोर उभी राहिली. अक्कांनी तिच्याकडे बघितलं, आपल्या गुडघ्यांकडे बघितलं, आणि तमिळमध्ये तिला म्हणाल्या, "उद्या माउंटला जाऊन बस. तिकीट काढून." मग सेल्वी उठली आणि तिने म्हातारीला बसवलं.

मैलापूरला पोचायला उशीर झाला. सरसाक्का दाराकडे डोळे लावून होत्या.

"कोठें मेली होतीस?"

"माउंटास गेलें होतें."

"तेथें काय आहे?"

"जागा."

"काल?"

"काल जागा नव्हती."

सरसाक्कांनी आ केला. अक्का भरवू लागल्या.

विद्या मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि तिने माउंटचं काय ते सगळं विचारलं. मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये सांगितलं. पुढच्या रविवारी तिने जेवणाचं टेबल विकून टाकलं आणि त्या जागी अक्कांसाठी खाट घातली. अक्कांनी आठवडाभर नाही नाही म्हटलं, आणि मग दोन पिशव्या घेऊन वेलचेरी सोडलं.

आता मी त्यांच्याकडे जाते. गाडी भरून येते, मी उभीच राहते, माझे गुडघे अजून बरे आहेत. गेले की सरसाक्का अंथरुणावरून मला जवळ बोलावतात. "हीस तुम्ही परत न्या," त्या म्हणतात. "रात्रंदिवस बोलत्ये. मज झोंप नाही."

अक्का भाताची ताटली घेऊन येतात. "कशी जाऊं?" त्या म्हणतात. "गाडीत जागा नाही."