बुधवारचं इंग्रजी

रविवारी आमच्या गावच्या शाळेत मला इंग्रजी शिकवलेले कदम सर घरी आले होते. दुसरीतली माझी मुलगी त्यांना इंग्रजी वार म्हणून दाखवत होती. बुधवारपाशी सरांनी तिला थांबवलं.

"वेड-नेस-डे म्हण, बाळा. लिहिलंय तेवढं सगळं म्हणावं, म्हणजे स्पेलिंग चुकत नाही."

"आजोबा, डी सायलेंट असतो. वेन्झडे." ती माझ्याकडे वळली. "हो ना, बाबा?"

सरही माझ्याकडे बघू लागले.

मुलीचं बरोबर होतं. पण सरांच्या त्याच इंग्रजीवर मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. ऑफिसात मी तिच्यासारखं बोलतो, आणि लिहिताना ओठ अजून सरांसारखे हलतात. चुकीच्या उच्चारातून बरोबर लिहायला शिकलेल्या माणसाने कुठला उच्चार आपला मानावा, मला खरंच कळत नाही.

सर हसले. "त्याला कशाला विचारतेस? तू सांग, आम्ही मागून म्हणतो."

तिने सांगितलं. सरांनी वर्गातल्या मुलासारखं, जरा अडखळत, मागून म्हटलं. मग दोघं माझ्यासाठी थांबले. माझ्या तोंडून "बुधवार" एवढंच आलं.