जाड तेल, पातळ तेल

"अर्धा लिटर तर ओतलं! विष नाही ओतलं."

"या इंजिनाला विषच ते," बॉनेटखाली डोकं खुपसून मास्तर म्हणाले.

मास्तर म्हणजे मोटार शिकवणारे. अर्धं गाव या गाडीवर शिकलं. गाडी त्यांच्या वडिलांची आणि तेलाचा नियमही वडिलांचाच: एकाच ग्रेडचं, चाळीस नंबरचं, जाड. थंडीत मास्तर डबा शेगडीशेजारी ठेवून तेल कोमट करायचे. तरी स्टार्टर कण्हत राहायचा आणि बायकोला दवाखान्यात ड्यूटीला उशीर व्हायचा. आज तिला तेल कमी दिसलं, मास्तर अंघोळीला गेलेले. जावयाच्या नव्या गाडीचं उरलेलं पातळ, मल्टिग्रेड तेल तिनं सरळ ओतून टाकलं.

"जावईबापूंच्या गाडीला चालतं, आपलं इंजिन काय सोन्याचं आहे?"

"त्याच्या गाडीला फिल्टर आहे. आपल्याला नुसती जाळी. या तेलात साफ करणारं औषध असतं, बाई. तळाचा गाळ सुटून नळीत अडकला, की इंजिन जागीच जाम!"

"म्हणजे गाळ जपायचा? माझ्या ओट्यावर एक डाग दिसला तर घर डोक्यावर घेता."

ती बडबडत बसने गेली. मास्तर तेल मोजायची डिपस्टिक काढून पुसत, वास घेत, बोटांत तेल चोळून पाहत राहिले. घरात येत, पुन्हा बाहेर जात. ताटातली भाकरी गार झाली. शेवटी मिस्त्रीला फोन केला.

"अर्ध्या लिटरनं काही मरत नाही, मास्तर," मिस्त्री हसला. "पण इंजिनाखालचं तेलाचं भांडं शेवटचं कधी उघडलंत?"

"तळाचं भांडं? कधीच नाही उघडलं," अंगणातल्या गाडीकडे पाहत मास्तर म्हणाले. जाड तेल गाळाला हात लावत नाही, म्हणून त्यांनीही कधी लावला नव्हता.

"तुझ्या वडिलांनीही नाही उघडलं," खाटेवरून त्यांची आई म्हणाली. "आत काय निघेल म्हणून भ्यायचे. मी म्हटलं तर माझ्यावरच ओरडायचे."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू तरी कधी विचारलंस?"

मास्तर पुन्हा उठले, पुन्हा डिपस्टिक काढली. या वेळी ती न पुसताच परत घातली.

संध्याकाळी बायको चपला काढत होती, तेवढ्यात ते दारातूनच म्हणाले, "रविवारी मिस्त्री येतोय. तळ उघडून धुवायचा, नळ्या साफ करायच्या, मग मल्टिग्रेड घालायचं. आठवडाभर गाडी नाही, बसनं जायचं. आणि तो जाड तेलाचा डबा शेगडीजवळून उचल."