साडूंच्या कपाटातले नातेवाईक

पन्नाशी गाठेपर्यंत स्वतःसाठी एकही कपडा विकत न घेतलेला, आणि तरीही ना दरिद्री ना विरक्त ना चिक्कू, असा माणूस अख्ख्या भारतात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू आहे. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा निवडायची सोय आपल्याकडे नाही. जो मिळेल तो आहेरातल्या पँटपीससारखा हसतमुखाने स्वीकारायचा असतो. माझ्या नशिबी मात्र भलताच भारी पीस आला. ते गार्डन रीचला रेल्वेत अधिकारी, मी एस्प्लनेडला बँकेत. बदल्यांच्या फेऱ्यात दोघे साडू एकाच वेळी कोलकात्यात येऊन पडलो आणि आमचे रविवार त्यांच्या क्वार्टरमध्ये जाऊ लागले.

लग्नकार्यात पुरुषमाणसाला जे शर्टपीस-पँटपीस मिळतात, ते शहाणी माणसे तसेच घडी न मोडता पुढच्या लग्नात खपवतात. असले पीस वर्षानुवर्षे महाराष्ट्रभर फिरत असतात आणि त्यांना कधी सुई लागत नाही. साडू मात्र आलेला प्रत्येक पीस शिवून घेत. ‘एवढ्या प्रेमाने दिलंय,’ म्हणत. शिवलेला कपडा मग ज्याने दिला त्याच्या नावाने ओळखला जाई. सकाळी ताई, म्हणजे माझी मेहुणी, कपाट उघडून विचारी, “आज कोणाला काढू?” आणि आतून उत्तर येई, “नागपूरच्या आत्याला काढ. काकांना इस्त्री नाहीये.” एकदा एक नवखे मराठी अधिकारी सहकुटुंब चहाला आले होते. त्यांच्यासमोर ताई बोलून गेली, “मामांचा गुडघा पार गेलाय हो, आता त्यांना फरशी पुसायलाच घेते.” त्या कुटुंबाने चहा अर्धा टाकला आणि पुन्हा ते त्या बाजूला फिरकले नाहीत. कपड्यांचे हे गोत सांभाळताना साडू पथ्येही पाळत. मोठे मामा आणि नागपूरची आत्या यांचा कुठल्याशा लग्नात मानपानावरून अबोला झालेला, म्हणून मामांच्या पँटवर आत्याचा शर्ट ते कधी घालत नसत. एकदा घाईत घातला, तर संध्याकाळी मला म्हणाले, “दिवसभर अंगावर कोणी बोलतच नव्हतं हो!”

या सगळ्या गोतावळ्यात वरचा खण होता त्यांच्या दादांचा. वडील लवकर गेले, तेव्हा या थोरल्या भावाने कऱ्हाडचे कापडाचे दुकान सांभाळून धाकट्याला इंजिनिअर केले. दर दिवाळीला दादांकडून शर्टाच्या कापडाचे पार्सल येई. ते उघडताना मी आणि बायको जरा लांब बसत असू. पोपटी, भोपळी, वांगी, मोरपंखी, एकदा तर असा पिवळा की ताईने पंखा बंद करून तो पुन्हा नीट बघितला. सगळे रंग येऊन गेले, गुलाबी तेवढा कधी आला नाही. दुकानात न खपलेले तागे दादा धाकट्या भावाच्या अंगावर काढतात असा माझा संशय होता, आणि तो मी बोलूनही दाखवत असे. साडू नुसते हसत आणि सोमवारी तो भोपळा नेसून, म्हणजे घालून, कचेरीत जात.

ही घडी मोडली त्यांच्या मुलीने. आमची ही भाची आयटीत नोकरीला आणि बदल्यांच्या गावांत वाढलेली, त्यामुळे तिची मराठी जरा लंगडत चालते, पण पोचते बरोबर ठिकाणी. बापाच्या पन्नाशीला ती म्हणाली, “बाबा, तुम्ही रोज दुसऱ्या लोकांना घालता. आता तुम्ही तुम्हाला घाला ना.” साडूंना हे वाक्य लागले. मग एका रविवारी अख्खे कपाट पलंगावर आले. भाची एकेक कपडा खिडकीच्या उजेडात बापाच्या तोंडाशी धरी आणि विचारी, “हे तुम्ही आहात?” साडू आरशात बघून खरे सांगत. आत्या गेली, मामा गेले, काका गेले. वरच्या खणापाशी आल्यावर साडू जरा रेंगाळले. पण एव्हाना त्यांना मोकळ्या कपाटाची चटक लागली होती, आणि खरोखरच त्या रंगांत ते कधी शोभले नव्हते. दुसऱ्या दिवशी आपल्या बोहारणीसारखीच इथली एक भांडेवाली बाई आली आणि दादांच्या सगळ्या दिवाळ्या घेऊन एक झाकणाचे स्टीलचे पातेले देऊन गेली.

पुढचे काही महिने साडू काय देखणे दिसत होते म्हणून सांगू! मोजकेच कपडे, पण प्रत्येक अंगासरशी शिवलेला. राखी, गडद निळा, बदामी, आणि सणासुदीला हातमागाचा एक कुडता, ज्याला इथे पंजाबी म्हणतात. पोट होते तिथेच होते, पण आता ते पोट न वाटता हुद्दा वाटू लागले. नव्याने शहाणा झालेला माणूस गप्प बसत नाही, त्याप्रमाणे ते मलाही उपदेश करू लागले. “साडूभाऊ, पन्नाशीनंतर माणसाने कपड्यांत लपू नये, आणि कपड्यांना आपल्या वतीने ओरडूही देऊ नये.” हे ते माझ्या चौकटीच्या शर्टाकडे बघत म्हणत आणि घरी परतताना बायको वाटेत तेच वाक्य मला पुन्हा ऐकवी.

आणि मग दादांचा फोन आला. गावच्या मंडळींबरोबर जगन्नाथपुरीला निघालो आहे, आधी दोन दिवस तुझ्याकडे उतरतो. फोन ठेवून साडू खुर्चीत बसले ते बसलेच. दादा आजवर त्यांच्या एकाही बदलीच्या गावी आले नव्हते. पहिल्यांदा येणार, कपाट उघडणार, आणि आपल्या हाताने निवडलेला एकही शर्ट तिथे दिसणार नाही! “आयुष्यात त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नाही हो,” साडू मला म्हणाले, “आणि दिलेलं मी पातेल्यावर घालवलं.” ताईने त्या पातेल्यात भात लावला तर यांना घास उतरेना. भाची बिचारी रडकुंडीला आली. भांडेवालीला गाठायचा प्रयत्न झाला, पण ती तेवढ्या वेळात दुसऱ्या वस्तीत गेली होती आणि शर्ट तर कुठल्या कुठे गेले असतील.

शेवटी दादांचा म्हणून खपेल असा शर्ट शोधायला आम्ही दोघे साडू एस्प्लनेडच्या फुटपाथवर उतरलो. चांगला शर्ट मिळणे सोपे असते. वाईट शर्ट, आणि तोही नेमका तितकाच वाईट, मिळवायला फार वणवण करावी लागते. अखेर एका फेरीवाल्याच्या ढिगात तळाशी झेंडूच्या रंगाचा एक शर्ट चमकला. साडूंनी तो छातीशी धरला. फेरीवाल्याने आधी शर्टाकडे, मग साडूंच्या राखी सदऱ्याकडे बघितले. “कार जोन्नो, दादा?” कोणासाठी, म्हणून त्याने विचारले. साडू म्हणाले, “आमार.” माझ्यासाठीच, म्हटल्यावर त्याने शर्ट चक्क मागे ओढला. “आपनाके मानाबे ना!” तुम्हाला शोभणार नाही, म्हणजे नाही. गिऱ्हाइकाच्या रूपाची एवढी काळजी करणारा फेरीवाला फक्त कोलकात्यातच भेटावा. बऱ्याच विनवण्यांनंतर त्याने मान हलवत तो कागदात गुंडाळून दिला.

हावड्याला गाडी लागली तेव्हा फलाटावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. मी दादांना शोधत टाचा उंचावत होतो, पण साडू आपले एका खांबापाशी झेंडूसारखे फुलून स्वस्थ उभे. आणि खरेच, लांबून हाक आली, “बाळ!” धोतर-टोपीतले दादा गर्दी कापत सरळ त्यांच्याकडे आले. साडू पाया पडले. दादांनी त्यांना उठवले, आणि उठवता उठवता शर्टाची बाही दोन बोटांत धरून चोळली. जन्म कापडात गेलेला माणूस! “हे आपल्या दुकानचं न्हाई,” ते म्हणाले.

साडूंनी तिथेच, हमालांच्या ‘बाजू, बाजू’मध्ये, सगळे सांगून टाकले. भाचीने लावलेला निकाल, पातेले, एस्प्लनेड, सगळे. मी आपला दुसरीकडे बघत होतो. दादा ऐकून आधी खो खो हसले. “आरं, ते रंग तुला शोभत न्हाईत हे मला कळत नव्हतं व्हय? दुकानदार हाय मी!” मग म्हणाले, “जोतिबाच्या जत्रेत तू हरवलास, आठवतंय? आई पांढरा सदरा घालून पाठवायची. गुलाल उधळला, आन् सारी जत्रा एका रंगाची झाली. सांज होईस्तोवर एकेका पोराचं तोंड पुसून बघत हिंडलो मी. तवाच ठरवलं, ह्याला असं कापड घालायचं की लांबनं दिसला पायजे. आन् सांगून ठेवलं होतं, चुकलास तर हाय तिथंच उभा ऱ्हा, मी येतो. पुढं तू गावोगावी गेलास. मी काय तुझ्या मागनं येणार? म्हटलं, कापड तरी जाऊ दे.” एवढे बोलून त्यांनी भावाला खालीवर न्याहाळले. “आता तुझे ते शोभणारे कपडे दाव बघू. ह्यात लई वंगाळ दिसतोयस.”

दोन दिवस दादांनी राखी आणि बदामी शर्ट उलटेपालटे करून शिवणीसकट तपासले, पुतणीची पाठ थोपटली आणि पुरीला गेले. न खपलेल्या ताग्यांचा माझा विनोद मी त्यानंतर कधी केला नाही. पुढच्या दिवाळीला पार्सल आले, त्यात सुंदर करडे कापड होते. ते शेवटचे. त्यानंतरच्या पावसाळ्यात दादा गेले.

साडूंचे कपाट अजून भाचीने लावून दिले तसेच आहे, मोजके आणि शोभणारे. फक्त वरच्या खणात तो झेंडू असतो. एरवी ते त्याला हात लावत नाहीत, पण गर्दीत जायचे असले की तोच घालतात. गेल्या अष्टमीला बागबाजारच्या दुर्गापूजेला आम्ही सगळे गेलो होतो. ढाक, म्हणजे इथले ढोल, घुमत होते, माणसांचा लोंढा आला आणि आमची फाटाफूट झाली. भाची फोन लावत होती, तो लागत नव्हता. मी टाचा उंचावल्या तर मंडपाच्या कडेला तो रंग दिसला. साडू जागचे हलले नव्हते. भोवतीची गर्दी सरकत होती आणि ते, पन्नाशी उलटलेला रेल्वेचा अधिकारी, हात सोडून शहाण्या मुलासारखे उभे होते. मी गर्दी कापत गेलो आणि त्यांचा हात धरला. ते माझ्याकडे वळले तेव्हा एक क्षणभर त्यांना वेगळेच कोणीतरी अपेक्षित होते, हे मला दिसले. मग ते हसले आणि म्हणाले, “चला, सापडलो.”